भिंतीला तुंबड्या

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आम्हाला पाचवीला होती आणि तेव्हापासून ती माझ्या पाचवीला पुजलेली आहे. बाईंनी अर्थ सांगितला होता, काम नसलं की माणूस निरर्थक उद्योग करत बसतो. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर माझ्या बाकावरच्या मुलाने लिहिलं, ‘आईने आज तुंबड्या केल्या.’ तुंबडी म्हणजे काय हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वर्षांनी कळलं, की ते एक पोकळ शिंग. ते अंगाला लावून हवा ओढून घ्यायची, म्हणजे दूषित रक्त त्या जागी गोळा होतं. पूर्वी हे काम न्हावी करत. तर एके दिवशी एका न्हाव्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही, म्हणून त्याने भिंतीचं रक्त काढायला घेतलं. यावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या हसतो आहे.

मला हल्ली हसू येत नाही. दुपारची वेळ, धोकटी उघडी, गिऱ्हाईक नाही. नुसता बसला तर येणारा-जाणारा विचारणार, “काय, आज काम नाही वाटतं?” आतून बायको म्हणणार, “बसलाच आहात तर जरा पाणी आणा.” मग त्या बिचाऱ्याने करायचं काय? घेतली तुंबडी, लावली भिंतीला. आता कोणी विचारलंच तर तोंड वर करून सांगता येतं, “कामात आहे.” ऑफिसात साहेबांच्या बुटांचा आवाज आला की मी पत्त्यांचा डाव खाली ढकलून एक्सेलची शीट वर आणतो. या विद्येचा आद्य पुरुष तो न्हावी. त्याला आपण हसतो आणि मला पगार मिळतो.

हा न्हावी नव्याने आठवला तो पन्नासाव्या वाढदिवसाला. लेकीने दोन वस्तू दिल्या. एक मनगटावर बांधायचं घड्याळ, जे वेळेव्यतिरिक्त बाकी सगळं सांगतं. दुसरी एक छापील शीट, तिची स्वतःची निर्मिती. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ चौकोन, आठवड्याचे ६७२. प्रत्येक चौकोन रंगवायचा. प्रॉडक्टिव्ह वेळ हिरवा, वाया गेलेला लाल.

“आणि पिवळा?” मी विचारलं.

“पिवळा ठेवलेलाच नाही. ठेवला तर तू सगळं पिवळं करशील, बाबा.”

बावीस वर्षं ती मला जवळून पाहते आहे.

पहिल्या संध्याकाळचे दोन चौकोन ‘प्रॉडक्टिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं यातच गेले. उत्पादक म्हणावं, तर आपल्याकडे उत्पादक असतात ते दूध, ऊस आणि कांद्याचे. मी विमा कंपनीत आहे, माझ्यापासून आजवर काही पिकलेलं नाही. कार्यक्षम हा शब्द जिल्हाधिकाऱ्यांसाठी राखीव. कार्यसम्राट तर नगरसेवकांनी फ्लेक्सवर कायमचा नेला. उद्योगी चालला असता, पण ‘उद्योग’ या शब्दावर मराठी माणसाचा मुळात विश्वास नाही. “काय उद्योग करून ठेवलास?” असं आई विचारते तेव्हा घरात कारखाना निघालेला नसतो, बरणी फुटलेली असते.

उलट वेळ घालवण्यासाठी आपल्याकडे शब्दांचा नुसता महापूर. माशा मारणं, चकाट्या पिटणं, उंडारणं, लोळणं, टंगळमंगळ, टिवल्याबावल्या, कुटाळक्या, चालढकल, वेळकाढूपणा. आणि यात कोणी कोणाच्या जागी बसत नाही. टंगळमंगळ करायला हातात काम असावं लागतं, माशा मारायला ते नसावं लागतं. चकाट्या पिटायला समोर दुसरा माणूस हवा, कुटाळक्या करायला तिसरा माणूस गैरहजर हवा. उंडारायला पायात चप्पल लागते, लोळायला तीही लागत नाही. इतकी बारीक वर्गवारी करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी या विषयाला किती वेळ दिला असेल! तो त्यांनी कोणत्या रंगात रंगवला असता कोण जाणे. आणि एवढ्यानेही भागलं नाही म्हणून आपण ‘टाइमपास’ घेतला. लोकलमध्ये शेंगदाणेवाला ‘शेंगदाणे’ असं ओरडतच नाही, ‘टाइमपास, टाइमपास’ असं ओरडतो. अख्ख्या डब्यात त्या वेळी एकटा तोच कामावर असतो.

सोमवारी पहिली पंचाईत लोकलमध्येच झाली. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर ४८ किलोमीटर. फास्ट गाडीला तास-सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन रोजचे दहा चौकोन. हे हिरवे की लाल? आमच्या डब्यात एका कोपऱ्यात टाळ वाजवत भजन चालतं, दुसऱ्या कोपऱ्यात ब्रीफकेसवर रमी, आणि मध्ये एक गृहस्थ वरची कडी धरून उभ्या उभ्या घोरतात. भजन हिरवं धरलं तर रमीवाल्यांनी काय पाप केलंय? तेही हरल्यावर देवाचंच नाव घेतात. लेडीज डब्यात, बायको सांगते, मेथी निवडून होते, गवार मोडून होते, डोंबिवली यायच्या आत भाजी नुसती फोडणीला टाकायची उरते.

लेक म्हणाली, “पॉडकास्ट ऐक. म्हणजे प्रवास हिरवा होईल. आणि दुप्पट स्पीडने ऐक, म्हणजे एका तासात दोन तासांचं होतं.” मंगळवारी मी एका गृहस्थांना दुप्पट वेगाने ऐकलं. आयुष्यात जरा सावकाश जगायला कसं शिकावं, हे ते धापा टाकत समजावून देत होते. त्याच नादात लोकांचे व्हॉइस मेसेजही मी दुप्पट वेगाने ऐकू लागलो. याचा तोटा एकच. नंतर तो माणूस प्रत्यक्ष भेटला की आजारी वाटतो.

आता ही मुंबई घड्याळाच्या काट्यावर पळते म्हणतात, पण तो काटा तिने सहजासहजी मानलेला नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. सरकारने सांगितलं, घड्याळं पुढे करा. मुंबईकरांनी विचारलं, का म्हणून? सूर्य आमचा, डोकं आमचं, मग दुपार का म्हणून तुमची? महापालिकेची घड्याळं मुंबईच्या जुन्या वेळेवरच चालत राहिली आणि हा हट्ट थेट १९५५ पर्यंत टिकला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात उशिरा कोणी येतच नव्हतं. तो फक्त दुसऱ्या वेळेने येत असे. मी हे साहेबांना ऐकवून पाहिलं. त्यांनी माझा अर्धा दिवस लावला.

ऑफिसातले चौकोन रंगवणं सोपं जाईल अशी माझी कल्पना होती. बुधवारी अकरा ते एक मीटिंग होती. माणसं आठ. विषय, जेवणाची सुट्टी तीस मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर आणता येईल का. रोज माणशी पाच मिनिटं वाचवण्यासाठी आठ माणसांचे सोळा तास खर्ची पडले आणि शेवटी या प्रश्नावर एक समिती नेमली. मी आठही चौकोन हिरवे केले, कारण मीटिंगला चहा-बिस्किटं होती आणि समितीत माझं नाव आलं. नंतर टपरीवर पंधरा मिनिटांत एका सहकाऱ्याने तीन आठवडे अडकलेल्या क्लेमची गाठ सोडवून दिली. तो चौकोन लाल, कारण आम्ही उभे होतो आणि हातात कटिंग होता.

ज्या १९५५ साली मुंबईने आपली ३९ मिनिटं सोडून दिली, त्याच साली सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने एक नियम मांडला. काम हातात असलेल्या वेळेएवढं फुगतं, असा त्याचा सारांश. त्याला आमच्या समितीबद्दल कसं कळलं, देव जाणे. त्याच्या कितीतरी आधी, अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचे इंजिनिअर मजुरांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले होते. कोण कुठे थांबतो, कुठे वाकतो, सगळं मोजलं. एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहत होता, तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, असं त्यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात अभिमानाने मांडलं. मजूर वाहत होता, टेलरसाहेब उभे होते. हिरवा रंग मात्र दोघांना मिळाला. पगार कोणाचा जास्त, हे काही सांगायला नको.

बुधवारी रात्री मी एक कोरी शीट बायकोपुढे ठेवली. तिने ती उलटसुलट पाहिली.

“अहो, एका चौकोनात एकच काम लिहायचं?”

“हो.”

“मग हे बायकांसाठी नाही.”

तिच्या एका पाव तासात कुकरच्या तीन शिट्ट्या, मशीनमधले कपडे, बहिणीचा फोन आणि माझं हरवलेलं पाकीट इतकं सगळं मावतं. आमच्या घरात पंधरा मिनिटं हे मापच चालत नाही. माप शिट्ट्यांचं. “दोन शिट्ट्या झाल्या की निघते,” “पाच शिट्ट्यांत येते जाऊन.” कडधान्य असेल तर परतायला उशीर होतो.

२०१९ मध्ये सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ती कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. ९७ हा आकडा वाचून बायको बराच वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “कोणाकडे गेले होते हो हे?”

तिच्याकडे लक्ष द्यायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसली, जी पंचवीस वर्षांत दिसली नव्हती. ती रिकामी कधीच बसत नाही. दुपारी मालिका बघायला बसली तरी मांडीवर ताट असतं आणि ताटात लसूण. लसूण नसेल तर मटार, मटार नसतील तर शेंगा, काहीच नसेल तर कपड्यांच्या घड्या. माझी आजी अशीच वाती वळत बसायची. फुलवाती, तेलवाती, डबेच्या डबे भरलेले. देवापुढे दिवा एक आणि वाती दहा वर्षं पुरतील इतक्या. तेव्हा आम्ही म्हणायचो, आजीला किती भक्ती! आता वाटतं, तिला फक्त जरा बसायचं होतं. बाईमाणसाने नुसतं बसायची सोय नव्हती, म्हणून तिने हातात कापूस घेतला. माझी आजी लावत होती तीही तुंबडीच. फक्त तिला पुण्य लागत होतं, म्हणून तिच्यावर म्हण निघाली नाही.

मी बायकोला म्हटलं, “आज लसूण न घेता बस.”

ती बसली. दोन मिनिटांनी म्हणाली, “चोरी केल्यासारखं वाटतंय,” आणि उठून ओटा पुसून आली.

नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटल्याला आता बरेच दिवस झाले. ते २०२३ च्या ऑक्टोबरातलं. ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली होती, तेव्हा बायकोने कणकेतून हात न काढता विचारलं होतं, “म्हणजे कमी करून सत्तर करायला सांगतायत का?” पुढे जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारीही कामावर येण्याचं बोलणं गाजलं. इंग्लंडचे थोर अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मात्र १९३० मध्ये लिहून ठेवलंय, की शंभर वर्षांनी माणसाला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हीच त्याची मोठी अडचण होईल. २०३० उंबरठ्यावर आलं आहे. केन्स चुकले असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यांनी पंधरा तास आठवड्याचे म्हटले होते, आपण ते रोजचे धरले. पंधरा सख नव्वद.

गुरुवारी गुहागरहून मामा आले. वय ७६. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच उरकलेलं, आता पुढच्या तपासण्या होईपर्यंत मुक्काम आमच्याकडे. डॉक्टरांनी वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि डोक्यावर पाणी घ्यायचं नाही असं लिहून दिलेलं. रिकामं बसण्याचा इतका अधिकृत परवाना मी आजवर कोणाकडे पाहिला नव्हता. मामांनी एसटीत कंडक्टर म्हणून ३४ वर्षं काढली. साडेपाचची गाडी साडेपाचला सोडली. आता वेळापत्रकाशी त्यांचं काही देणंघेणं उरलेलं नाही. त्यांना कधीही फोन करा, “मामा, काय करताय?” उत्तर ठरलेलं, “काही नाही, बसलोय.” पूर्वी हे उत्तर सगळेच देत आणि ते पूर्ण उत्तर मानलं जाई. अलीकडे मी ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. परवा आमच्या शेजाऱ्यांच्या सात वर्षांच्या नातवाला मी हाक मारली तर तो म्हणाला, “काका, जरा बिझी आहे.”

आमच्या समोरची चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर उठतोय. रस्त्याच्या बाजूने पत्रे लावलेत आणि पत्र्याला माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक आहे. ते मुळातच होतं की कोणी पाडून घेतलं, यावर गल्लीत दोन मतं आहेत. रोज दहा वाजता त्या भोकापाशी पेन्शनर मंडळी जमतात आणि पाळीपाळीने जेसीबी बघतात. मामांना धूळ वर्ज्य असल्यामुळे त्यांनी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतली खुर्ची धरली. काळा चष्मा लावून ते दहाला बसत ते साडेबाराला उठत. जेवताना अहवाल देत. “आज चार कॉलम झाले. मिक्सर मात्र चाळीस मिनिटं लेट.” आवाज असा, की कंत्राटदाराला आजच नोटीस जाणार.

लेकीने त्यांनाही तिची पद्धत समजावून सांगितली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती असा रतीब लावला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचंही तेच नाव. जगभर लोक आता टोमॅटो लावून काम करतात.

“किती मिनिटांचा म्हणालीस टोमॅटो?” मामांनी विचारलं.

“पंचवीस.”

“आपली घटिका चोवीस मिनिटांची. दिवसाच्या साठ घटका. लग्नात घंगाळात भोकाचं भांडं तरंगत सोडायचे. ते बुडलं की घटका भरली. तुझ्या टोमॅटोत एक मिनिट जास्त आहे.” थोडा विचार करून ते म्हणाले, “आणि आपल्याकडे घटका भरली की माणसाचं काही खरं नसतं.”

शुक्रवारी घड्याळाची परीक्षा झाली. ते रोज दहा हजार पावलं मागतं. हा आकडा मला वाटलं चरक-सुश्रुतांपासून आला असेल. तो आला जपानमधून. १९६५ मध्ये तिथे विकायला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. यंत्र खपलं, आणि मग आकडा पथ्यासारखा जगभर पाळला जाऊ लागला. माझी पावलं काही भरेनात. मी घड्याळ बायकोच्या मनगटावर बांधलं. तिने ओट्यापाशी जागेवरून न हलता बावीस पोळ्या लाटल्या आणि घड्याळाने तिला सहाशे पावलं चालवलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या भजनात मामांनी टाळ धरला. दीड तास मांडी घालून बसलेला हा माणूस घड्याळाच्या हिशेबात अडीच किलोमीटर चालून आला आणि त्याला हिरवी फुलं मिळाली. उलट मी बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आलो, हात हलले नाहीत म्हणून घड्याळाने मला “उठा, थोडी हालचाल करा” असं सुचवलं. ते मला घरातल्याच माणसाने दिलेलं आहे, हे त्या क्षणी पटलं.

शनिवारी शीटची बेरीज मांडली. सगळ्यात मोठा रकाना झोपेचा निघाला, तो कुठल्या रंगात घालायचा यावर लेक आणि मी भांडलो. ती म्हणते, झोप हिरवी, कारण चांगली झोप झाली की दुसऱ्या दिवशी काम चांगलं होतं. सध्या सगळ्याच गोष्टींना ही सवलत मिळालीय. फिरायला जा, कामात ताजेपणा येतो. गाणी ऐका, एकाग्रता वाढते. मित्रांशी गप्पा मारा, रक्तदाब उतरतो आणि रजा कमी पडतात. काहीच करू नका, त्याने कल्पना सुचतात. आपण डोळे मिटून पडलो तरी कोणीतरी उशाशी उभं राहून विचारतंय, “याचा उपयोग काय होणार?” दुपारच्या वामकुक्षीला मी आजवर कधी कारण दिलं नव्हतं. पोट भरलं होतं, डोळे मिटत होते, बस्स. आता तिलाही ऑफिसात लावून घेतलंय.

रविवारी लेक सहाला उठली. योगासनं, आठवड्याच्या भाज्या चिरून डबे, जर्मन भाषेचा क्लास, कपाट आवरणं, आणि चार ते पाच ‘रिलॅक्स’. त्या तासाला तिने गजर लावला होता. ती धावत येऊन सोफ्यावर पडली आणि पाचला गजर वाजताच धावत गेली. मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रं चालत आणि आठवड्याची सुट्टी म्हणून काही नसे, तेव्हा या सत्यशोधक माणसाने १८८४ मध्ये कामगार गोळा केले. सुमारे साडेपाच हजारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास जेवायला हवा. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा होता. सहा वर्षं झगडून १० जून १८९० ला रविवार मिळाला. २००५ मध्ये सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही काढलं. त्यांनी मालकाच्या हातून ओढून आणलेला रविवार माझी लेक सकाळी सहाला उठून स्वतःच परत करून येते, आणि त्यांनी मिळवलेल्या जेवणाच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं कापणाऱ्या समितीवर मी आहे. हे तिकीट पाकिटावर चिकटवायची मला लाज वाटेल.

त्याच दिवशी सकाळी मी मामांना घेऊन केस कापायला गेलो होतो. मामांच्या डोक्याला हात लावायचा नव्हता, ते नुसते सोबत. “बसा साहेब, चार नंबर आहेत,” दुकानदार आरशातूनच म्हणाले. बाकावर आम्ही सहा जण झालो. रविवारच्या पेपराचे तीन तुकडे झालेले. खेळाचं पान एकाकडे, पुरवणी दुसऱ्याकडे. अग्रलेखाचा तुकडा रिकामा होता, तो नेहमीच असतो. लेकीचा फोन आला, “ऑनलाइन नंबर लावला असतास तर तुझे चार चौकोन वाचले असते.” मी फोन खिशात टाकला. सगळे जण कात्री बघत होते. कात्री चालताना बघण्यात एक गुंगी असते. ती केस कापते त्यापेक्षा जास्त वेळ नुसतीच हवेत वाजते.

मामांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, “काय हो, तुंबड्या लावणारं अजून कोणी आहे का तुमच्यात?”

मी मामांच्या पायावर पाय दिला. म्हण आता सगळ्यांच्याच डोक्यात वाजायला लागली होती.

दुकानदार साठीचे असतील. म्हणाले, “आमचे आजोबा लावायचे. शिंग अजून आहे घरी.” मग हसले. “तुमच्या मनात आलं ते कळलं मला. आजोबांनाही गाव ऐकवायचा ती म्हण. आजोबा एकच विचारायचे, की बाबांनो, न्हावी भिंतीला तुंबड्या लावतोय हे पाहिलं कोणी? जो दिवसभर समोरच्या ओट्यावर बसून बघत होता त्यानेच ना? मग त्याच्यावर का नाही केली म्हण?”

कात्री पुन्हा सुरू झाली.

बाकावर तासभर बसून त्या माणसाचं काम बघत असलेले आम्ही एकदम हललो. खेळाचं पान दोघांनी ओढलं, पुरवणीचे आणखी दोन तुकडे झाले. माझ्या वाट्याला अग्रलेख आला. मी तो भिंतीसारखा तोंडापुढे धरला आणि मन लावून वाचायला लागलो.

मामांना वाचायला मनाई होती. ते काळा चष्मा लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून तसेच होते. इतक्यात दारातून नवीन गिऱ्हाईक आत आलं आणि त्यांना विचारलं, “काका, तुमचा नंबर आहे का?”

“नाही हो,” मामा म्हणाले. “मी बसलोय.”